वाचकांचे प्रश्न : शिट्टी नव्हे, रेकॉर्डर

गेल्या महिन्यात एका उत्तरात ओघात लिहून गेले, की मी रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून फुंकायची युरोपी बासरी, वाजवते आणि शिकवते. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांचा सूर ‘म्हणजे शाळेत मुलं फुंकतात ती शिट्टी?’ असा आहे. हो, तीच. या वेळचं सगळं सदर तिलाच देऊन टाकते.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेत रेकॉर्डर वाजवते. हात चांगला बसलाय. आता तिला एखाद्या ‘खऱ्या’ वाद्याकडे, म्हणजे फ्लूट किंवा क्लॅरिनेटकडे वळवावं का? (एक आई)

तिला फ्लूटचा आवाज आवडत असेल तर खुशाल वळवा. फक्त रेकॉर्डर ही फ्लूटची बालवाडी आहे या समजुतीनं वळवू नका. एके काळी मान उलटा होता. १८व्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वरलिपीत नुसतं ‘फ्लाउटो’ लिहिलेलं असलं, की वाजवणारा रेकॉर्डरच उचलायचा. आडवी बासरी हवी असेल तर ‘त्राव्हेर्सो’ असं वेगळं सांगावं लागे.

या वाद्याचं दुर्दैव असं, की त्यातून पहिला आवाज पहिल्याच फुंकरीला निघतो. व्हायोलिनवर बरा सूर लागायला कित्येक महिने जातात, तोवर माणूस वाद्याला वचकून असतो. रेकॉर्डरला कुणी वचकत नाही. ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र गिल्डनस्टर्नपुढे रेकॉर्डर धरतो आणि म्हणतो, वाजव, खोटं बोलण्याइतकं सोपं आहे. गिल्डनस्टर्न म्हणतो, मला येत नाही. त्या अख्ख्या प्रवेशात त्याच्या तोंडून निघालेलं हे बहुधा सर्वांत खरं वाक्य असावं.

तुमच्या मुलीच्या हातात आहे तो सोप्रानो, म्हणजे लहान, उंच सुराचा रेकॉर्डर. अजून वर्षा-दोन वर्षांनी बोटं लांबली, की तिला आल्टो द्या. तो सोप्रानोपेक्षा एका पंचमानं खालचा, आवाजानं गोल आणि जरा गंभीर. बरोक काळातल्या (साधारण १६०० ते १७५०) एकल वादनाचं बहुतेक सगळं धन या आल्टोसाठी लिहिलेलं आहे. हेंडेल या संगीतकाराचे जी मायनर, ए मायनर, सी मेजर आणि एफ मेजर असे चार सोनाटा प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाटेत येतात, आणि वीस वर्षांनीही ते पुरते हाती लागलेत असं वाटत नाही. त्याच काळातला संगीतकार टेलेमान स्वतः लहानपणी रेकॉर्डर वाजवायला शिकला होता. त्याच्या ए मायनर स्वीटमध्ये किंवा सी मेजर कॉन्चेर्तोत (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) बोटांना कुठे सोपं जाईल आणि कुठे घाम फुटेल हे त्याला आतून ठाऊक असल्याचं पानोपानी जाणवतं. व्हिवाल्डीनं ‘फ्लाउतिनो’साठी तीन कॉन्चेर्तो लिहिले. बहुतेक अभ्यासक फ्लाउतिनो म्हणजे सोप्रानिनो, म्हणजे सोप्रानोपेक्षाही छोटा रेकॉर्डर, असं मानतात. त्यातला सी मेजरचा एखादा कॉन्चेर्तो एकदा तुमच्या मुलीला ऐकवा आणि मग तिलाच विचारा, हे खरं वाद्य आहे का.

प्रश्न : मी हौसेनं बासरी वाजवतो. बासरीत ओठ जरा वळवला, फुंकर बारीक केली, की सूर चढतो, उतरतो, विरत जातो. रेकॉर्डरला तर ओठांचं कामच नाही. आवाज लहान-मोठाही होत नाही म्हणे. मग त्यात भाव आणायचा कुठून? (एक बासरीवादक)

तुम्ही दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत.

बासरीत हवेचा झोत तुमचे ओठ घडवतात. रेकॉर्डरमध्ये तो कारागिरानं घडवून ठेवलेला असतो. तोंडाकडच्या टोकात लाकडाचा एक ठोकळा बसवलेला असतो, बहुधा देवदारजातीच्या लाकडाचा. ठोकळा आणि वरची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट राहते. तुमची फुंकर तिच्यातून जाऊन पुढच्या धारेवर आपटते आणि सूर उमटतो. फट किती रुंद, धार किती लांब, झोताचा कोन कोणता, हे सगळं कायमचं ठरलेलं. तुमच्या हाती फक्त फुंकरीचा जोर. आणि तिथेच पंचाईत आहे. जोर वाढवला की सूर चढतो, कमी केला की उतरतो. सूर नेमका ठेवायचा म्हटलं, तर प्रत्येक स्वराला एकच जोर चालतो. आवाजाचं लहान-मोठेपण गेलं खड्ड्यात.

ही अडचण ओलांडायला चोरवाटा आहेत, आणि रेकॉर्डर शिकणं म्हणजे जवळजवळ या चोरवाटाच शिकणं.

पहिली वाट बोटांची. माझ्या बाईंनी पहिल्या वर्षी मला एक व्यायाम दिला होता. समोर ट्यूनरची सुई. एक स्वर धरायचा, अगदी हळू सुरू करायचा, मोठा करत न्यायचा, पुन्हा हळू करायचा, आणि सुई मधल्या रेघेवरून हलता कामा नये. हळू फुंकलं की सूर उतरणार. मग त्याला वर उचलण्यासाठी एका भोकावरचं बोट केसभर सरकवायचं. जोर वाढला की सूर चढणार, तेव्हा ते बोट परत बसवायचं आणि खालच्या एखाद्या भोकाजवळ दुसरं बोट नेऊन सावली धरायची. हे सगळं फुंकरीच्या बरोबरीनं, बोटं हलताना दिसताही कामा नयेत. पहिले दोन आठवडे सुई पंख्यासारखी फिरत होती. सहा महिन्यांनी एका स्वरावर जमलं. बाई म्हणाल्या, छान, आता पुढचा स्वर. त्या दिवशी मी वाद्य पेटीत ठेवलं आणि दोन दिवस उघडलंच नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या बोटरचनांनीही साधते. जवळजवळ प्रत्येक स्वराला दोन-तीन पर्यायी बोटरचना आहेत. एक जरा चढी, म्हणजे हळू वाजवायला सोयीची, दुसरी जरा उतरती, म्हणजे जोरात वाजवायला. चांगला वादक एका ओळीत तोच स्वर तीन वेळा आला तर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी धरतो.

दुसरी वाट शांततेची. एकाच जोराचे तीन स्वर वाजवा. पहिले दोन थोडे आखूड तोडा, तिसऱ्याच्या आधी क्षणभर जागा सोडा. कान म्हणतो, तिसरा मोठा वाजला. मोठा वाजलेला नसतो, त्याच्या आधी मोकळी जागा होती इतकंच. हार्प्सिकॉर्डवाले (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कळींचं वाद्य) हेच करतात, त्यांच्याही कळीला जोर कळत नाही. म्हणून बरोक संगीतात या दोघांची जोडी जमते. एकमेकांचं दुखणं त्यांना ठाऊक असतं.

तिसरी वाट जिभेची, आणि ती मला सगळ्यांत प्रिय. व्हेनिसमध्ये १५३५ साली सिल्वेस्त्रो गानास्सीनं रेकॉर्डरवर एक अख्खा ग्रंथ छापला. त्याचं म्हणणं, वाद्यानं माणसाच्या गळ्याची नक्कल करावी. त्यासाठी तो जिभेचे बोल देतो : ते-के, ते-रे, ले-रे. पहिला कडक, मधला मऊसर, शेवटचा जवळजवळ द्रव. पुढे १७०७ मध्ये फ्रान्सच्या ओतेतेरनं ‘तु-रु’ या बोलांचे नियम लिहिले. तबल्याचे बोल पाठ असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शिवाय आपल्याकडे एक आयती सोय आहे. युरोपातल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा ‘त’ एकच असतो. मराठी जिभेपाशी दातांवरचा त आणि टाळूकडे वळलेला ट, द आणि ड, शिवाय ल आणि ळ, असे स्वच्छ वेगळे साचे असतात. मी वर्गात एकदा एक सबंध ओळ ‘द’वर आणि मग तीच ‘ड’वर वाजवून दाखवली. बाईंनी ‘पुन्हा वाजव’ म्हटलं आणि मग स्वतः अर्धा तास ‘ड’ म्हणायचा प्रयत्न करत बसल्या.

मींड विचारलीत तर, बोट भोकावरून हळूच सरकवून सूर ओढता येतो. बासरीइतका नाही. पण फ्रेंच बरोकमध्ये बोटाचा कंप होता, त्याला फ्लातमाँ म्हणत. भोकाच्या कडेवर बोट हलकेच थरथरवायचं, छातीनं हेलकावे द्यायचे नाहीत. बासरीवाल्याच्या बोटांना तो लवकर सापडेल. तुमची खरी परीक्षा जिभेवर होईल. बासरीत तुम्ही जीभ फारशी वापरत नसणार. रेकॉर्डरवर जवळजवळ प्रत्येक सुराचा जन्म जिभेच्या टोकावर होतो.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. माझे वरचे सगळे सूर किंचाळतात. जोरात फुंकलं तरी आणि हळू फुंकलं तरी.

अगं, फुंकरीला सोड, अंगठा बघ. मागचं भोक वरच्या सप्तकात पूर्ण उघडायचं नसतं. अंगठा वाकवून नखाच्या कडेनं एक बारीक फट ठेवायची, चंद्रकोरीएवढी. तुझा अंगठा बहुतेक भोकावरून पार खाली घसरतोय. नख फार वाढवू नकोस आणि अगदी मुळापासूनही कापू नकोस. जुन्या लाकडी रेकॉर्डरवर त्या भोकाच्या कडेला नखांनी खाच पडलेली दिसते, एवढं काम त्या एका अंगठ्यावर असतं. आठवडाभर फक्त एकच वरचा सूर वाजव, फटीची जागा शोधत.

प्रश्न : ‘रेकॉर्डर’ या नावाचा ध्वनिमुद्रणाशी काही संबंध आहे का?

नाही. नाव यंत्राच्या कितीतरी आधीचं. इंग्रजीत १३८८ च्या एका सरदारी हिशेबवहीत ते सापडतं. तेव्हा ‘रेकॉर्ड’ या क्रियापदाचा एक अर्थ होता घोकणं, चाल गुणगुणून पाठ करणं. पक्षी गाण्याचा सराव करतात त्यालाही हेच क्रियापद लावत. इतर भाषांनी वाद्याच्या अंगरूपावरून किंवा आवाजावरून नावं ठेवली. जर्मन म्हणतात ठोकळ्याची बासरी, फ्रेंच म्हणतात चोचीची बासरी, इटालियन म्हणतात गोड बासरी. मला इंग्रजी नावच जास्त आवडतं. घोकंपट्टीचं वाद्य! माझ्या विद्यार्थ्यांना ते पटतं.

प्रश्न : साथीला कुणी नसताना, अगदी एकट्यानं वाजवण्यासारखं काही आहे का? मला लोकांबरोबर तालीम करायला वेळ मिळत नाही.

भरपूर आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा खजिना एका आंधळ्या माणसाचा आहे.

याकोब व्हान आइक हा नेदरलंड्सच्या उट्रेख्ट शहरात मनोऱ्यावरच्या घंटा वाजवायचा. कान असा, की एका घंटेच्या आवाजात दडलेले वेगवेगळे सूर तो अलग करून ऐकायचा. त्याच्या याच जाणकारीचा उपयोग करून हेमोनी बंधूंनी नीट सुरात लावलेल्या घंटांचे संच ओतायला सुरुवात केली. हाच माणूस संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरणाऱ्या लोकांना छोट्या रेकॉर्डरवर चाली ऐकवायचा. लोकांना ते इतकं आवडलं, की १६४९ मध्ये चर्चनं त्याचा वार्षिक पगार ८० गिल्डरवरून १०० केला. अट एकच : अधूनमधून संध्याकाळी आवारातल्या लोकांसाठी बासरी वाजवत जावी. पगारवाढीच्या याहून गोड अटी मी ऐकलेल्या नाहीत.

त्याच्या चाली १६४०च्या दशकात ‘देर फ्लाउटन लुस्टहोफ’ या संग्रहात छापल्या गेल्या. सुमारे दीडशे रचना, जवळजवळ सगळ्या एका सोप्रानोसाठी, साथ कुणाचीच नाही. त्या काळी सगळ्यांच्या ओठी असलेली एखादी चाल घ्यायची, प्रेमगीत असो, स्तोत्र असो, नाच असो. आधी ती साधी वाजवायची. मग एका सुराच्या जागी दोन, मग चार, मग आठ. ठाय, दुगुन, चौगुन हे कळणाऱ्याला पहिल्या पानापासून घरच्यासारखं वाटेल.

इंग्लिश संगीतकार डाउलंडच्या ‘लाक्रिमे’ या अश्रूंच्या चालीपासून मात्र सुरुवात करू नका. मी केली होती. पहिली ओळ चार सुरांची उतरण आहे, वाजवायला सहावीतल्या मुलीलाही येईल. पण श्वास कुठे घ्यायचा? साथीला कुणी असतं तर त्यांच्या आवाजाआड श्वास लपतो. इथे तुमचा श्वास म्हणजेच संगीतातली पोकळी. दोन्ही बाजूंना तुमचेच सूर, मध्ये तुमचंच हुंदक्यासारखं घेतलेलं हवेचं माप. मी पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. शेवटी त्या ओळीवरचा कागद भोक पडेल इतका पातळ झाला. ‘इंग्लिश नाइटिंगेल’ किंवा ‘डाफ्ने’ यांच्यापासून सुरू करा. ‘नाइटिंगेल’मध्ये तर पक्ष्याचा किलबिलाट आहे, श्वास चुकला तरी पक्षी म्हणून खपतो.

पुढे तयारी झाली की टेलेमानच्या बारा फँटसी आहेत. त्या आडव्या बासरीसाठी आहेत. त्या बासरीचा सर्वांत खालचा सूर डी, आल्टोचा एफ. म्हणून आपण सगळं तीन अर्धस्वर वर उचलून वाजवतो. त्यात टेलेमान एका वाद्यातून दोन माणसांचं संभाषण काढतो. खालचे दोन-चार सूर एक बोलतो, वरचे दुसरा, मधली गाळलेली जागा ऐकणाऱ्याचा कान भरतो. खालचे सूर जरा लांब धरा आणि वरचे सोडून द्या. उलट केलंत तर दोन्ही माणसं एकदम गप्प होतात.

प्रश्न : इतकं चांगलं वाद्य होतं तर मध्येच नाहीसं का झालं?

मघाशी सांगितलेल्या त्याच दुखण्यामुळे. १८व्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑर्केस्ट्रा वाढले आणि संगीतकारांना एकाच ओळीत हळूपासून जोरापर्यंत चढत जाणारा आवाज हवासा झाला. आडवी बासरी ते ओठांनी करत होती, रेकॉर्डरला बोटांच्या कसरती कराव्या लागत होत्या. १७५० नंतर त्याच्यासाठी नवं लिहिणं जवळपास बंदच झालं.

त्याआधी मात्र त्याचं स्वतःचं खातं होतं : मेंढपाळ, प्रेम, झोप आणि मरण. बाखच्या १०६ क्रमांकाच्या कँटाटाची (गायक आणि वाद्यांसाठीची रचना) सुरुवात दोन रेकॉर्डर आणि दोन व्हिओला दा गांबा (गजानं वाजवायचं जुनं तंतुवाद्य) यांनी होते. मृत्यूवरची रचना, आणि ती लिहिणारा बाख जेमतेम बावीस वर्षांचा. लंडनच्या सॅम्युएल पीप्सनं फेब्रुवारी १६६८ मध्ये नाटकात देवदूत उतरतानाचं फुंकवाद्यांचं संगीत ऐकलं आणि रोजनिशीत लिहिलं, की जीव असा कासावीस झाला जसा पूर्वी बायकोच्या प्रेमात पडलो तेव्हा झाला होता. दीड महिन्याच्या आत तो जाऊन रेकॉर्डर घेऊन आला. हेंडेलनं तर ‘एसिस अँड गॅलेटिया’ या संगीतनाटकात प्रेमात पडलेल्या एका राक्षसाच्या खर्जातल्या गाण्याला चिमुकल्या रेकॉर्डरची साथ दिली. आज ते बहुधा सोप्रानिनोवर वाजवतात आणि प्रेक्षक अजूनही हसतात.

वाद्य परत आलं ते एका हरवलेल्या पिशवीमुळे. इंग्लंडमध्ये जुनी वाद्यं जमवणाऱ्या आणि बनवणाऱ्या आर्नल्ड डॉल्मेचकडे ब्रेसान या जुन्या कारागिरानं घडवलेला एक अस्सल बरोक रेकॉर्डर होता. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याचा लहानगा मुलगा कार्ल ज्या पिशवीवर लक्ष ठेवून होता ती फलाटावर राहून गेली, आणि तो रेकॉर्डर तिच्यातच होता. डॉल्मेचनं मग आपल्या नोंदींवरून नवा रेकॉर्डर बनवला, मग आणखी बनवले. पिशवी विसरणारा कार्ल पुढे त्या काळचा नामांकित रेकॉर्डरवादक झाला. संगीतकार बर्कलीची १९३९ ची सोनातीना (छोटा सोनाटा) त्यानंच पहिल्यांदा वाजवली. माझा एखादा विद्यार्थी वाद्य कुठे तरी विसरून आला की मला कार्ल आठवतो आणि राग निम्मा होतो.

मग रेकॉर्डर शाळांत शिरला, दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचा झाला आणि लाखो मुलांच्या हातात गेला. त्याचं भलं झालं की वाटोळं, यावर मी गप्प बसते, कारण माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे त्याच वाटेनं आलेत.

या सगळ्यातून त्याला पुन्हा मंचाच्या मधोमध बसवलं ते फ्रान्स ब्रुखेन या डच वादकानं. ‘बसवलं’ हा शब्द शब्दशः घ्या. उंच, सडपातळ माणूस, खुर्चीत पायावर पाय टाकून, जरा रेलून वाजवायचा. जणू काही विशेष चाललेलं नाही. आणि सूर असा, की त्याच्या प्रत्येक टोकाला काहीतरी घडत असायचं. पुढे १९८१ मध्ये त्यानं ‘ऑर्केस्ट्रा ऑफ द एटीन्थ सेंच्युरी’ स्थापन केला आणि बराचसा वेळ तिकडेच दिला. २०१४ मध्ये तो गेला.

प्रश्न : एका मैफलीत वादकानं दोन रेकॉर्डर एकदम तोंडात धरले, मध्येच ओरडला आणि शेजारच्या मोठ्या थाळीवर दणका दिला. आम्ही सौजन्यानं टाळ्या वाजवल्या. हे संगीत आहे की चेष्टा? (एक त्रस्त श्रोता)

तुम्ही बहुतेक माकी इशीईचं ‘ब्लॅक इंटेन्शन’ ऐकलंत, १९७५ चं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुदकन हसले होते आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं होतं. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा सभ्य.

नंतर ते मलाच शिकावं लागलं, आणि हसू पळालं. दोन सोप्रानो ओठांच्या दोन कोपऱ्यांत धरायचे, डाव्या हाताकडे एक, उजव्या हाताकडे दुसरा. एका हाताला मिळतात वरची चारच भोकं. दोन्हींना फुंकर एकच, पण दोन्ही वाद्यांच्या फटी अगदी सारख्या कधीच नसतात, त्यामुळे एक जरा चढा वाजतो. दोन सुरांच्या त्या घासाघाशीतून मध्येच तिसरा, खालचा घुमणारा आवाज कानात उभा राहतो. तो कुणीच वाजवत नसतं. सुरुवातीची सरळ, शांत चाल त्या घासाघाशीत फाटत जाते, आणि ओरडणं येतं तोवर ते अटळ झालेलं असतं. मला तरी असं वाटतं. लाळ गळते हेही खरं. त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही.

१९६० नंतर संगीतकारांना या वाद्यात एक गोष्ट दिसली. ज्याला आपण दोनशे वर्षं दोष म्हणत होतो, तेच त्यांचं भांडवल झालं. फुंकर वाढवली की सूर फाटतो? मग फाटू दे. चुकीच्या बोटरचनेतून एकदम दोन-तीन सूर निघतात? मग तेच लिहू. वाजवता वाजवता गाऊ, जीभ थरथरवू. लुचियानो बेरिओचं १९६६ चं ‘जेस्ती’ ब्रुखेनसाठीच लिहिलेलं. त्याच्या सुरुवातीला बोटं आणि तोंड यांची फारकत केलेली आहे. बोटं आपलं काम करत राहतात, तोंड तिसरंच काही करतं, आणि दोघांची गाठ पडली तर एखादा सूर चुकून निसटतो. एका रेकॉर्डरवादकाला याहून क्रूर शिक्षा देता येणार नाही. ज्या जुळवणीसाठी पंधरा वर्षं घासली, तीच उसवायची.

सगळंच नवं संगीत मला आवडतं असं नाही. नुसत्या करामतींची यादी असलेल्या रचना भरपूर आहेत. वाजवणाऱ्याला मजा येते, ऐकणाऱ्याला घड्याळ दिसतं. तुम्ही पुढच्या वेळी हिरोसेचं ‘मेडिटेशन’ ऐका, तेही १९७५ चं, एका आल्टोसाठी. किंवा फाउस्तो रोमितेल्लीचं ‘सीस्केप’. ते पेट्झोल्ड बनावटीच्या काँट्राबास रेकॉर्डरसाठी आहे. प्लायवूडचा, चौकोनी, लांबून एखाद्या कपाटाची नळकामवाल्यानं दुरुस्ती केल्यासारखा दिसतो. आवाज मात्र समुद्र श्वास घेत असल्यासारखा.

प्रश्न : प्रौढ वयात सुरू करतोय. लाकडी घ्यावा की प्लास्टिकचा?

प्लास्टिकचा, आणि आल्टो. आजचे चांगले प्लास्टिकचे रेकॉर्डर सुरात असतात, पाण्याला भीत नाहीत, बॅगेत फेकता येतात. घेताना ‘बरोक बोटरचना’ असल्याची खात्री करा. ‘जर्मन बोटरचना’ घेऊ नका. १९२०च्या दशकात जर्मनीत एक सूर सोपा करायला ती काढली गेली, आणि त्यापायी बाकीचे कितीतरी सूर बिघडले.

लाकडी घ्याल तेव्हा माझ्यासारखं करू नका. माझा पहिला बॉक्सवुडचा आल्टो आला, तेव्हा कारागिरानं बजावलं होतं : पहिले दिवस पाच-दहा मिनिटंच वाजवायचा, मग आठवड्या-आठवड्यानं वेळ वाढवायचा. ठोकळ्याला ओल प्यायची सवय लागू द्यायची. तिसऱ्या दिवशी मला हेंडेलचा ए मायनर वाजवण्याचा मोह आवरला नाही. दीड तास वाजवला. ठोकळा फुगला, फट आवळली, वरचे सूर घसा बसल्यासारखे झाले. वाद्य परत पाठवावं लागलं. ठोकळा तासून आला, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता, त्यामुळे जास्त लाज वाटली.

आणि वाजवण्याआधी तोंडाकडचा भाग काखेत धरून गरम करा. दिसायला कसंसंच दिसतं, पण थंड फटीत श्वासाची वाफ लगेच पाणी होते. एका परीक्षेत टेलेमानच्या संथ भागात माझा सूर असाच गुदमरला होता. तसं झालं तर दोन सुरांच्या मध्ये हवा आत ओढून घ्या, पाणी परत तोंडात येतं. धारेला बोट किंवा कापड चुकूनही लावू नका. पाण्यानं सूर गेला तर परत येतो, धार वाकली तर नाही.

प्रश्न : बाखच्या चौथ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोच्या ध्वनिचित्रफितीत रेकॉर्डर वाजवणारी मध्येच गुडघा उचलून वाद्याचं खालचं तोंड त्यावर दाबत होती. काही बिघडलं होतं का?

काही बिघडलं नव्हतं. आल्टोला वरचा एफ शार्प सरळ बोटांनी धड लागत नाही. त्याच्या खालचा एफ लागतो, वरचा जी लागतो, मधला तेवढा हुलकावणी देतो. नळीचं खालचं तोंड बंद केलं की तो निघतो, आणि दोन्ही हात भोकांवर अडकलेले असल्यामुळे तोंड बंद करायला उरतो गुडघा. १७२१ मध्ये अर्पण केलेल्या या कॉन्चेर्तोत बाखनं पहिल्या रेकॉर्डरला तो सूर दिला आहे, तोही घाईत. काहीजण गुंतागुंतीच्या पर्यायी बोटरचनांवर निभावून नेतात. माझ्या बोटांना त्या वेगात त्या कधीच विश्वासानं जमल्या नाहीत, म्हणून मीही गुडघेवालीच.

यात एक घरगुती अडचण आहे. कापड पातळ किंवा सैल विणीचं असेल तर त्यातून हवा निसटते आणि सूर लागत नाही. चुण्या पडल्या तरी तेच. एकदा तालमीत जाड पँट होती, कार्यक्रमाला हौसेनं रेशमी घातली, आणि एफ शार्पच्या जागी फक्त फुस्स झालं. तेव्हापासून चौथा ब्रांडेनबुर्ग असला की मी काय नेसायचं ते बाख ठरवतो.